पाहुणी म्हणून जायचं की घरची म्हणून?

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे अमेरिकेचा फोन असतो. पूर्वी नुसता आवाज यायचा, आता चेहरेही दिसतात. त्यांच्याकडे सकाळ, आमच्याकडे दिवेलागण. सासूबाई त्याआधी साडी बदलून, केस नीट करून खुर्चीत बसलेल्या असतात. गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी मोठे भाऊजी म्हणाले, "आईचं आता ग्रीनकार्डच करून टाकू या. दरवेळी ते टुरिस्ट व्हिसाचं लचांड नको. मी आता सिटिझन झालोय, काही अडचण नाही." पलीकडून जाऊबाईंनी मान डोलावली. इकडून आमचे हे म्हणाले, "बरंच होईल." मुलं ओरडली, "आजी अमेरिकन होणार!" सगळे बोलले. सासूबाई मात्र "भाजी निवडायची राहिलीय गं" म्हणत आत निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. मेथीची जुडी पुढ्यात तशीच होती. "आई, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही ठरवाल ते." मग थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "ते कार्ड घेतलं म्हणजे इथलं घर सुटतं का गं?"

मला उत्तर देता येईना. बी. ए. झालेली मी, गेली बारा वर्षं बचत गट, महिला मंडळ करतेय. तहसील कचेरीतला कुठला अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा ते मला झोपेतही सांगता येईल. पण माझ्याच घरातल्या बाईच्या आयुष्याचा एवढा मोठा प्रश्न आला आणि मी गप्प! मग ठरवलं, हा विषय नीट समजून घ्यायचा. आमच्या गावातल्या, तिकडे जाऊन आलेल्या बायकांशी बोलले, आमच्या सीएंना भंडावून सोडलं, अमेरिकेच्या सरकारी खात्यांचे नियम मुलीकडून वाचून घेतले. आज आपल्या तालुक्याच्या गावांतही गल्लीत एखादं तरी घर असं असतं, ज्याची अर्धी भांडी इथे आणि अर्धी न्यू जर्सीत. म्हणून जे कळलं ते तुमच्याशी वाटून घेते.

शिक्का दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

आधी टुरिस्ट व्हिसा. आपल्याकडच्या आईवडिलांना अमेरिकेचा जो व्हिसा मिळतो तो बहुतेक वेळा दहा वर्षांचा असतो आणि त्यावर कितीही वेळा जाता येतं. इथेच बऱ्याच जणींचा घोटाळा होतो. दहा वर्षांचा शिक्का म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. तो फक्त विमानतळाच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो. साधारणपणे तो सहा महिने देतो. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानानं जाणाऱ्यांसाठी ही नोंद २०१३ पासून कागदावर नव्हे, संगणकावर असते. म्हणून उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाला ती काढून दाखवायला सांगा आणि तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा.

त्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही. हा १९९६ चा कायदा आहे, नवा नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या भारतातल्या वकिलातीनं जाहीरपणे बजावलं, की मुदतीपेक्षा जास्त राहाल तर परत पाठवले जाल आणि कायमची बंदीही येऊ शकते. त्याच वर्षी सप्टेंबरपासून ७९ वर्षांवरच्या वृद्धांना व्हिसाच्या मुलाखतीतून जी सरसकट सूट होती तीही गेली. फक्त जुना व्हिसा संपून वर्षही झालं नसेल तर नूतनीकरणात सवलत मिळू शकते. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते यावरून कळतं.

आता मुख्य प्रश्न. दरवर्षी सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, असं चालतं का? "सहा महिने राहिलं की सहा महिने बाहेर राहायचं," असा लिखित नियम नाही. पण दारातल्या अधिकाऱ्यासमोर मागच्या सगळ्या फेऱ्या असतात. ही बाई पाहुणी म्हणून येतेय की इथेच राहतेय, असा संशय त्याला आला तर तो सहाऐवजी एकच महिना देऊ शकतो, नाहीतर तिथूनच परत पाठवू शकतो. आमच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई पाच वेळा जाऊन आल्या. पाचव्या खेपेला त्यांना विचारलं, "तुमचं घर कुठे आहे? तिथे कोण आहे? दरवेळी एवढे दिवस काय करता?" बाई बिचाऱ्या खऱ्या मनानं म्हणाल्या, "नातवाला सांभाळते." मग पाऊण तास वेगळ्या खोलीत! पाहुण्यांच्या व्हिसावर पगारी काम करायची बंदी असते, आणि "मुलं सांभाळायला आले" हे ऐकलं की अधिकाऱ्याला घरातली दाई आठवते. शेवटी मुलाला फोन लावून त्यांना सोडलं. पण बाई म्हणतात, "तीस वर्षं मुलांना पट्टी दाखवली, त्या दिवशी मला कोणी दाखवतंय असं वाटलं."

दुसरी अडचण दवाखान्याची. पाहुण्यांसाठी जो आरोग्य विमा मिळतो त्यात जुने आजार बहुधा धरत नाहीत, धरले तर अगदी थोडे. आणि साठी-सत्तरीच्या कुठल्या बाईला जुना आजार नाही? याच बाईंना तिकडे एकदा चक्कर आली, रुग्णवाहिका बोलवावी लागली, एक रात्र दवाखान्यात काढली. विमा कंपनीनं, "तुमची रक्तदाबाची गोळी जुनी आहे," म्हणून हात वर केले. आलेल्या बिलात इथे दोन खोल्या चढवून झाल्या असत्या. मुलानं ते हप्त्यानं फेडलं, पण तेव्हापासून बाई तिकडे गेल्या की दुखलं-खुपलं सांगतच नाहीत. मला यात सगळ्यात भीती याची वाटते. पैसे जातातच, पण आई दुखणं लपवायला लागते.

ग्रीनकार्ड कोणाला, कसं?

आता दुसरी बाजू. ग्रीनकार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. नागरिकत्व नव्हे. ग्रीनकार्ड घेतलं तरी तुम्ही भारताच्याच नागरिक, पासपोर्ट भारताचाच.

आईवडिलांसाठी हा अर्ज फक्त अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी करू शकते आणि तिचं वय २१ पूर्ण हवं. मुलाकडे नुसतं ग्रीनकार्ड असेल किंवा तो एच-वन व्हिसावर असेल तर तो आईवडिलांना बोलवून कायमचं ठेवू शकत नाही. इथेच आपल्या बहुसंख्य घरांचं गाडं अडतं. नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीनकार्डात एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. आपले लोक लाखांनी रांगेत, त्यामुळे मुलांचेच केस पांढरे होतात. त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. तेव्हा ज्यांचा मुलगा अजून एच-वनवर आहे, त्यांच्यापुढे निवड नाहीच. त्यांना पाहुणी म्हणूनच जायचं आहे, आणि तेही नियमात राहून.

मुलगा नागरिक असेल तर मात्र आईवडिलांसाठी संख्येची मर्यादा नाही, रांग नाही. कागदपत्रं आणि छाननीला लागतो तो वेळ. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. त्यांच्यामागे धाकटं भावंडं त्याच अर्जात जाऊ शकत नाही, त्याची रांग निराळी आणि फार लांब. मुलाला लिहून द्यावं लागतं, की यांना मी पोसेन. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. आपल्याकडची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात होते. त्याआधी वैद्यकीय तपासणी, लसी, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस दाखला.

काही एजंट सल्ला देतात, "टुरिस्ट म्हणून जा आणि तिथे गेल्यावर ग्रीनकार्डचा अर्ज टाका, लवकर होतं." कायदेशीरपणे आत आलेल्या आईवडिलांना तिथून अर्ज करता येतो हे खरं. पण इथून निघतानाच मनात तो बेत असेल आणि दारात, "फक्त भेटायला आले," असं सांगितलं तर ती फसवणूक ठरू शकते, आणि तिची शिक्षा आयुष्यभर पुरते. तेव्हा सरळ वाट इथल्याच अर्जाची.

नावाचा गुंता

हा भाग प्रत्येकीनं वाचावा, कारण त्याचा त्रास पुरुषांना जवळजवळ होतच नाही. मुलानं आईसाठी अर्ज करताना सिद्ध काय करायचं? की ही माझी आई. त्यासाठी मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हवं आणि ते तिच्या पासपोर्टशी जुळायला हवं. आता आपल्याकडची गंमत बघा. सासूबाईंचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं. भाऊजींचा जन्म सासूबाईंच्या माहेरी, कारण पहिलं बाळंतपण माहेरीच. तिथल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात तलाठ्याच्या ओळखीच्या कुणीतरी आईचं नाव लिहिलं ते माहेरचं आणि बाळाच्या नावाची जागा कोरी! पासपोर्टवर सासरचं नाव. लग्नाची नोंदणी तर त्या काळी कोण करत होतं?

अशा वेळी वाट आहे. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जन्मनोंदीत बाळाचं नाव घालून घेता येतं. नोंदच सापडत नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, शाळा सोडल्याचा दाखला असे जोडपुरावे द्यायचे. दोन्ही नावांची बाई एकच, याचं प्रतिज्ञापत्र, जमल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद. पण माहिती असलेले वडीलधारे हयात असेपर्यंतच हे सोपं. म्हणून ग्रीनकार्ड घ्या की नका घेऊ, हे कागद आजच नीट करून ठेवा. वारसनोंदीपासून निवृत्तिवेतनापर्यंत सगळीकडे ते लागतातच.

कार्ड ठेवायचं तर राहावं लागतं

भाऊजींच्या मनात होतं, की आईला कार्ड असलं म्हणजे हवं तेव्हा ये-जा. आपल्याकडे बऱ्याच जणांची हीच समजूत आहे. ती चुकीची आहे. ग्रीनकार्ड हे तिथे राहणाऱ्यासाठी आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना चौकशी होऊ शकते. एक वर्ष किंवा अधिक बाहेर राहिलं तर नुसत्या कार्डावर आत जाता येत नाही. जास्त दिवस बाहेर राहायचं असेल तर निघण्यापूर्वी, तिथे असतानाच, पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. तो साधारण दोन वर्षांपर्यंत मिळतो. आणि दिवस मोजून दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून आलं तरी पुरत नाही. घर खरोखर कुठे आहे, हे पाहिलं जातं.

२०२५ च्या मार्च महिन्यात तिथल्या वकिलांच्या हवाल्यानं बातम्या आल्या होत्या, की हिवाळाभर भारतात राहून परतणाऱ्या वयस्क ग्रीनकार्डधारकांना विमानतळावर अडवून कार्ड स्वखुशीनं परत करण्याच्या फॉर्मवर सही करायला सांगितलं जातंय. मैत्रिणींनो, हे पक्कं लक्षात ठेवा आणि आपल्या घरच्या वृद्धांना सांगा: ती सही करण्याची सक्ती नाही. "मला न्यायाधीशासमोर म्हणणं मांडायचं आहे," असं म्हणण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागायचा. न समजणाऱ्या कागदावर सही करायची नाही, हे आपण बचत गटात शिकवतो, तेच तिथेही लागू.

दवाखान्याचं काय? कार्ड मिळालं की सरकारी औषधपाणी फुकट, हाही एक गैरसमज. ६५ वर्षांवरच्यांसाठी तिथे मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. पण नव्यानं आलेल्या कार्डधारकाला त्यासाठी आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. शिवाय ज्यांनी तिथे कधी नोकरी केली नाही त्यांना पूर्ण हप्ता भरावा लागतो. २०२५ साली तो दवाखान्याच्या भागासाठी महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर होता. म्हणजे महिन्याला सातशे डॉलरच्या वर! तोपर्यंतची पाच वर्षं खासगी विमा. एक मात्र फरक मोठा आहे. कार्डधारकाला तिथल्या बाजारातला जो नियमित आरोग्य विमा घेता येतो, त्यात २०१४ पासून जुन्या आजाराच्या नावाखाली कंपनीला नकार देता येत नाही. आमच्या बाईंवर जी वेळ आली ती कार्ड असतं तर बहुधा आली नसती.

आणि कर. कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. इथली निवृत्तिवेतनं, ठेवींवरचं व्याज, घरभाडं, सगळं. इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम असेल तर त्यांची यादी वेगळी कळवावी लागते. इथल्या बँकेलाही परदेशी राहायला गेल्याचं सांगून खातं अनिवासी करून घ्यावं लागतं. सीए म्हणाले, "वहिनी, पाहुण्यांनीही गाफील राहू नये." दरवर्षी साधारण चार महिन्यांहून जास्त राहिलं तर दिवसांच्या हिशेबानं पाहुणीही तिथली करदाती ठरू शकते. त्या वर्षी १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलं असेल आणि घरसंसार, बँक, सगळं भारतातच असेल तर त्यातून सूट मागता येते. पण ती मागावी लागते.

इथलं काय राहतं?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. कार्ड घेतलं म्हणजे इथलं घर सुटतं का? कायद्यानं नाही. सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं, असलेली किंवा वारशानं आलेली शेतजमीन ठेवता येते. मात्र परदेशी रहिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. सासऱ्यांच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं, पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवायचा नाही. २०२४ पासून सत्तरीपुढच्या वृद्धांना आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचे जे उपचार मिळतात, ते इथल्या योजनेतल्या दवाखान्यातच मिळणार, तिकडे त्याचा उपयोग नाही. पुढे नागरिकत्व घेतलं तर मात्र भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय कार्डावर यायचं.

सगळेच देश अमेरिकेसारखे नाहीत, हेही कळलं. कॅनडानं २०११ साली आईवडील, आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा काढला. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आधी घ्यावा लागतो. मुलगा तिथला नागरिक नसला, कायमचा रहिवासी असला तरी चालतं. ऑस्ट्रेलियानं २०१९ मध्ये पालकांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आणला, तो महाग आहे. ब्रिटननं उलट २०१२ मध्ये वृद्ध आईवडिलांसाठीचे नियम इतके कडक केले, की अंथरुणाला खिळल्याखेरीज आणि इथे कुणी पाहणारं नसल्याखेरीज दार उघडणं कठीण. म्हणजे पाहुणी आणि रहिवासी यांच्या मधली एक पायरी काही देशांनी शोधली आहे. अमेरिकेनं ती शोधलेली नाही. म्हणूनच तिथे आपल्या आयांची ओढाताण होते.

कामाची आजी

एवढी माहिती जमली तरी एक गोष्ट कुठल्याही नियमात सापडली नाही. आजी हवी कुणाला, आणि कशाला?

जाऊबाईंची धाकटी अजून तीन वर्षांची आहे. तिथे पाळणाघराचा खर्च एका पगाराला खातो. त्यांना आई हव्यात, त्यात खोटं नाही, आणि माया आहेच. पण सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सहा त्या घरात सासूबाई आणि ती पोर. गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला नाही, देऊळ वीस मैलांवर. मागच्या वेळी त्या तिथून फोनवर मला विचारायच्या, "आज बाजारात काय आलंय गं?" मी वांगी, गवार सांगत बसायची. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आणि मी? खरं सांगते, त्या रविवारी रात्री मला झोप लागली नाही, ती फक्त त्यांच्या काळजीनं नव्हे. मी गावोगाव बचत गटाच्या बैठकांना जाते तेव्हा घरी दूध तापवणारं, मुलांना वाढणारं, गॅसचा सिलिंडर घेणारं कोण असतं? सासूबाई कायमच्या गेल्या तर माझं समाजकार्य पहिल्याच महिन्यात बसेल. म्हणजे त्यांनी जावं असं भाऊजींना वाटत होतं, राहावं असं मला, आणि दोघांच्याही मनात आपापलं घर होतं. बायकांच्या कामाला किंमत नाही, म्हणून व्यासपीठावर भाषण करणारी मी!

म्हणून त्या आठवड्यात मी सासूबाईंना समोर बसवलं आणि वर लिहिलंय ते सगळं, दोन दुपारी मिळून, सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेली बाई, पण प्रश्न नेमके. "पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय दवाखाना नाही म्हणतेस, म्हणजे ७१ व्या वर्षी गेले तर ७६ व्या वर्षी?" "मध्ये इथे कुणाचं लग्न, कुणाचं मरण आलं तर?" "आणि नाही करमलं तर ते कार्ड परत देता येतं?" मी म्हटलं, "हो, देता येतं. आणि मग पुन्हा टुरिस्ट व्हिसा मागता येतो. पण तो द्यायचा की नाही ते त्यांच्या हातात." त्या बराच वेळ गप्प होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः भाऊजींना सांगितलं, "बाळा, मी तुझ्याकडे येईन. पण पाहुणी म्हणून, आणि चार महिन्यांच्या आत परत. दरवर्षी नाही, एका आड एक वर्ष. विमा चांगला काढ आणि माझ्या गोळ्यांची यादी आधी लिहून दे त्यांना. पोरीला पाळणाघरात घाल अर्धा दिवस, उरलेला अर्धा मी बघीन. आणि माझ्या कागदांचं काम करून ठेवा. उद्या माझी कंबर मोडली आणि इथे कुणाला झेपलं नाही, तर तेव्हा बघू कार्डाचं." पलीकडे भाऊजी जरा हिरमुसले. मग म्हणाले, "आई, तुला जे बरं वाटेल ते." मलाही सुनावलं गेलं. "आणि तू, त्या चार महिन्यांत तुझ्या नवऱ्याला दूध तापवायला शिकव."

हा त्यांचा निर्णय. तो सगळ्यांचा असायला हवा असं नाही. आमच्या मागच्या आळीतल्या काकूंनी ग्रीनकार्ड घेतलं आणि तेच शहाणपणाचं ठरलं. त्यांचा एकुलता मुलगा तिकडे, इथे घरात कोणी नाही, काका गेल्यावर दोनदा बाथरूममध्ये पडल्या. गावात तीन खोल्यांचं घर आणि त्यात एकटी बाई, त्यापेक्षा परक्या मुलखात मुलाजवळ असणं बरं. त्यांनी अर्धवट काही ठेवलं नाही. सामान आवरलं, बँक कळवली, कर भरतात, दोन-अडीच वर्षांतून एकदा पाच-सहा आठवड्यांसाठी येतात. ज्यांना तिथे खरंच राहायचं आहे त्यांच्यासाठी ग्रीनकार्ड आहे. ज्यांचा जीव इथे आहे त्यांनी पाहुणी म्हणून जावं आणि पाहुणीसारखंच वेळेत उठावं. कार्ड घेऊन इथे राहणं आणि टुरिस्ट व्हिसावर तिथे राहणं, या दोन्ही तडजोडी वर्ष-दोन वर्षं निभतात, पुढे एखाद्या विमानतळावर अंगाशी येतात.

तेव्हा पुढच्या रविवारी तुमच्याकडे असा फोन आला तर हो-नाही म्हणण्याआधी घरातल्या त्या बाईला काही गोष्टी विचारा. तुला वर्षातले बहुतेक दिवस कुठे काढावेसे वाटतात? आजारी पडलीस तर कोण करेल, आणि त्याचे पैसे कुठून येतील? तुझी स्वतःची मिळकत कुठल्या खात्यात आहे आणि ती तुझ्या हातात राहील का? आणि तिथे तू कशासाठी जातेयस, भेटीसाठी की कामासाठी? तिनं, "तुम्ही ठरवाल ते," असं म्हटलं तर ते उत्तर धरू नका. मेथीची जुडी घेऊन शेजारी बसा आणि पुन्हा विचारा.

आमच्याकडे सध्या सासूबाईंच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत माझे हेलपाटे चालू आहेत. मागच्या मंगळवारी ग्रामसेवकानं जुनं दप्तर काढून दाखवलं. पिवळ्या पानावर शाईनं त्यांचं माहेरचं नाव होतं. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी आणला. सासूबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "या नावानं मला हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही बघ." मग वही उघडून त्यांनी तारीख लिहून ठेवली. पुढच्या सोमवारी दाखल्यासाठी पुन्हा जायचंय, आणि या वेळी त्या म्हणतात, मी पण येते.